लेबलावरची बाई

माझ्या बापाला गाण्याचं भारी वेड होतं, असं लोक अजून कौतुकाने सांगतात आणि माझं डोकं फिरतं. गाण्याने माणूस मऊ होतो म्हणे. आमच्या महाल वस्तीतल्या घरी येऊन बघायला हवं होतं त्यांनी.

घर म्हणजे दोन खोल्या. त्यातली बाहेरची, मोठी, उजेडाची, रेकॉर्डांची. आतल्या खोलीत मी, आई, स्टोव्ह, धुणं, माझी शाळेची पुस्तकं आणि पापडांचे डबे. रेकॉर्डांच्या खोलीत लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली बापाच्या बंडीच्या खिशात असे. नाट्यपदं, ठुमऱ्या, कव्वाल्या, लावण्या, सिनेमाची गाणी, काय नव्हतं त्यात? कामठीच्या छावणीतले साहेबलोक बदली झाली की सामान विकून जायचे, तेव्हा बाप सायकल काढून तिकडे पोचलेला असायचा. त्यामुळे इंग्रजी नाचाची गाणी होती, मिलिटरी बँड होता, ट्रम्पेट होता. नव्या लाँगप्ले होत्या आणि जुन्या, हातातून सुटली की बशीसारख्या फुटणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डी होत्या. उन्हाळ्यात त्या वाकू नयेत म्हणून बाहेरच्या खोलीच्या दाराला वाळ्याची ताटी लागायची. तिच्यावर पाणी मारायचं काम आईचं नि माझं. पाणी मारून झालं की आम्ही परत आत, तापलेल्या भिंतीजवळ. रेकॉर्डांना गारवा आणि आम्हाला घामोळं, असा न्याय होता.

बाप सरकारी कचेरीत हेडक्लार्क. हाताखालचे कारकून दर रविवारी सकाळी आमच्याकडे यायचे, कारण न येऊन सांगतात कोणाला. आई पोहे नि तर्री करायची. मग खेळ सुरू व्हायचा. बाप पाठमोरा उभा राहून रेकॉर्ड लावणार, लेबल कोणाला दिसू देणार नाही, आणि विचारणार, ''ओळखा.'' चुकला त्याने उभं राहून कान धरायचे आणि म्हणायचं, ''मी बहिरा.'' मग सगळ्यांनी हसायचं. नातवंडं झालेली माणसं कान धरून उभी राहायची आमच्या घरात. मी आतून बघायचे. सगळ्यात मोठ्याने हसायचा तो माझा बाप.

आता आईचं सांगते. लग्नाआधी ती गायची. नुसतं घरात नाही. सोळा-सतरा वर्षांची असताना तिच्या गाण्याच्या मास्तरांनी तिला मुंबईला नेलं होतं आणि तिची एक रेकॉर्ड निघाली होती. दोन बाजूंना दोन भावगीतं. कंपनीने दिलेली एक प्रत माहेरी होती, ती भावांच्या पोरांनी फोडली. बाप मुलगी बघायला आला तेव्हा त्याने तिला गायला लावलं, गाणं ऐकून होकार दिला, आणि लग्नानंतर महिनाभरात सांगितलं, ''घरात गाणारी मशीन आहे, तेवढं पुरे.'' त्यानंतर ती गायली नाही. मी तर तिला अंगाईही गुणगुणताना ऐकलेलं नाही.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात, तसं तिचंही लिहिलं होतं. आडनाव बदललं, नावही बदललं. रेकॉर्डीच्या लेबलावर जी बाई होती ती आमच्या गल्लीत कोणाच्या ओळखीची नव्हती. मलाही ते नाव आईने एकदाच सांगितलं, गहू निवडताना, कुजबुजत, जसं काही परक्या बाईची चुगली करून राहिली.

मी मॅट्रिकला होते तेव्हा बापाला ती रेकॉर्ड जुन्या बाजारात सापडली. घरी येऊन त्याने ती आईच्या पुढ्यात धरली. म्हणाला, ''हे घे तुझी कीर्ती. फुटक्या कंदिलाखाली पडली होती.''

आईने हात पुसले, मग पुन्हा पुसले आणि रेकॉर्ड घेतली. पदराने लेबल पुसून ती कितीतरी वेळ बघत बसली. म्हणाली, ''लावता काय जी?''

''लावू ना. वेळ येऊ दे.'' त्याने रेकॉर्ड काढून घेतली आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

ती विचारत राहिली. जेवण वाढताना विचारायची, बंडी धुवायला घेताना विचारायची. ज्या बाईने नवऱ्याकडे साधं लुगडं मागितलं नाही, ती यासाठी मागे लागली होती. स्वतःचा आवाज तिने माहेर सुटल्यापासून ऐकला नव्हता, तो एकदा ऐकायचा होता, बस. दिवसभर खोलीत कोणीतरी गातच असायचं. हिचीच तेवढी वेळ येत नव्हती.

वेळ आली ती रविवारी. त्या दिवशी कामठीहून एक संगीतमास्तर आले होते. तेही रेकॉर्डी जमवायचे, आणि अदलाबदलीसाठी पुठ्ठ्यात बांधून काही घेऊन आले होते. पाहुण्यांपुढे बापाची भाषा पुण्याची व्हायची. ''आता एक गंमत ऐका,'' तो म्हणाला आणि पाठमोरा झाला.

पहिल्या सुरालाच आत आईचा हात थांबला. तिने स्टोव्हची हवा सोडली. स्टोव्ह विझला, आणि तो आवाज घरभर झाला. कोवळा, धीट, जराही न घाबरलेला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. एक ओळ झाली नसेल, तर बापाची हाक आली, ''चहाचं काय झालं? लोक बसले आहेत.''

काय करणार ती? स्टोव्ह पेटवला, पंप मारला, आणि त्याच्या फर्र आवाजात बाकीचं गाणं गेलं. मला सांगा, चहाची घाई कोणाला होती?

गाणं संपलं. कोणालाही ओळखता आलं नाही. कारकून कान धरायला उठू लागले, पण मास्तर म्हणाले, ''थांबा. कोण बाई आहे ही? फार चांगला गळा आहे.'' बापाने लेबलावरचं नाव वाचलं. कोणाला काही बोध नाही. ''कुठे असते आता?'' मास्तरांनी विचारलं.

''ती होय? वारली केव्हाच,'' बाप म्हणाला. आई चहाचा ट्रे घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

माझं टाळकं सरकलं. मी पुढे होऊन म्हटलं, ''वारली नाही. ही काय उभी आहे. माझी आई आहे ती.'' आज विचाराल तर आजही बोलेन.

बाप चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला, मजेत खुर्चीवर बसला आणि आईला म्हणाला, ''पोरगी म्हणते तर होऊन जाऊ दे. म्हण.''

आई चहाचे कप पुढे करू लागली.

''म्हण वं,'' बापाची पुण्याची भाषा गळून पडली. ''लोकं वाट पाहून राहिले.''

तिने ट्रे खाली ठेवला. कानात रेकॉर्डीचा सूर ताजा होता, तोच तिने धरला. सोळा वर्षांच्या पोरीची पट्टी ती. आणि ही चाळिशीची बाई, वीस वर्षं धूर खाल्लेली, एक सूर न लावलेली. खालून घेतलं असतं तर निभावलं असतं, पण तिला ते तिच्या जागीच घ्यायचं होतं. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. तिने पुन्हा तिथूनच धरलं, पुन्हा फाटला. एक कारकून पोह्यांच्या बशीत बघत राहिला. मास्तर भला माणूस असेल, पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. ''नाही,'' तो हळूच म्हणाला. ''गाणं यांना येतं. पण गळा तो नव्हे.''

''चुकली पोरगी,'' बाप मला म्हणाला. ''नियम तो नियम. धर कान.''

मी धरले नाहीत. मारलं असतं तरी धरले नसते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तेव्हा आईने स्वतःचे कान धरले आणि म्हणाली, ''मी बहिरी.'' सवयीने सगळे हसले. हसू तोंडातून निघून गेल्यावर त्यांना कळलं असावं, पण निघून गेलं होतं.

मग अदलाबदल झाली. मास्तरांना ती रेकॉर्ड हवी होती. मेलेल्या बाईची, पुन्हा मिळायची नाही म्हणाले. त्यांच्याकडे एक इंग्रजी ट्रम्पेटची लाँगप्ले होती, बाप तिच्या मागे कितीतरी दिवस होता. त्याने क्षणभरही विचार केला नाही. आईला हाक मारून म्हणाला, ''ही नीट बांधून दे. बसमध्ये फुटायला नको.'' तिने जुनं वर्तमानपत्र घेतलं, मऊ फडकं घेतलं आणि ती बांधली. सुतळीची गाठ दोनदा सोडून पुन्हा घातली. मास्तरांनी तिला नमस्कार केला, आणि ते कामठीच्या बसला गेले.

दुपारी आम्ही दोघी भांडी घासत होतो. मला वाटलं ती रडेल, निदान माझ्यावर ओरडेल. ती म्हणाली, ''तू तर पुरं ऐकलं ना वं?''

''हो.''

''मले स्टोव्हपायी काही आलं नाही ऐकू. कसं म्हटलं होतं मी?''

''चांगलं म्हटलं होतंस.''

''तसं नाही विचारून राहिली. दुसऱ्या कडव्यात वर जायची एक जागा आहे. तिथं माझा श्वास तुटला का? मुंबईहून येताना गाडीत मी रडत होती त्याच्यासाठी. माझे तेव्हाचे मास्तर म्हणे नाही तुटला. पण मले वाटे, ते माझं मन राखतात.''

मला काय कळणार होतं? त्या घरात मला गाणं ऐकायला कोणी बसवलंच नव्हतं. दुसरं कडवं कोणतं, जागा म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं.

''नाही तुटला,'' मी म्हटलं.

तिने हातातली राखेने माखलेली कढई खाली ठेवली. ''खरं सांगतं?'' तिने विचारलं.

एवढ्यात बाहेर ट्रम्पेट सुरू झाला. बाप ओरडला की भांड्यांचा आवाज येऊन राहिला, दार लावा. आई उठली आणि तिने दार लावून घेतलं.