फाट्यावरची धूळ

कमलनगरहून आतल्या गावांना जाणाऱ्या जीपगाड्या ज्या फाट्यावर थांबतात, तिथली पंचशीला आता हैदराबादेत गेम बनवते. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की माणूस दुसऱ्याच मुलखात उभा, असला गेम. त्यातही तिचं काम मागच्या देखाव्याचं: लांबचे डोंगर, झाडं, रस्ते. गावी आली की जयभीम घालून गल्लीतले लोक हमखास विचारतात, "मागचंच करतीस व्हय? मग पुढचं कोण करतंय?" पंचशीला हसते. पण मागचं हलकं असेल तरच पुढचं धड चालतं, हे समजावायला लागली की समोरचा चहा गार होतो.

यंदाचा गेम उघड्या माळावर घडणारा. माळ तिने जीव ओतून केला, आणि तिथेच घोडं अडलं. स्वस्तातल्या चष्म्याला एवढं लांबवरचं ओढवेना. मान वळवली की चित्र मागून रखडत यायचं आणि खेळणाऱ्याला मळमळायचं. तिचा वरिष्ठ, कलबुर्गीचा विरुपाक्ष, म्हणाला, "अक्का, लांबचं समदं धुक्यात घाला की. सगळेच तसं करायलेत."

पंचशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या माळावर, भर उन्हाळ्यात धुकं? आपल्याकडे दुसरं काही नसेल, पण नजर पोचेल तिथवर मोकळं रान तर आहे! तेही झाकायचं? तिने सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

मग तिला फाटा आठवला. शाळेत असताना आई, विमलबाई, तिला घेऊन तिथे जीपची वाट बघायची. जीप दिसायच्या कितीतरी आधी धूळ दिसायची, आणि तेवढ्यावरच आई पिशवी उचलून हात वर करायची. म्हणजे लांबून जीप लागते कशाला? पंचशीलाने गेममधली लांबची जीप काढून टाकली आणि धुळीचं नुसतं सपाट चित्र ठेवलं. चाकं, टप जवळ आल्यावरच. झाडांचंही तेच केलं. चित्र आता रखडेना. पण बघणाऱ्याला ते पटेल का, याची धाकधूक होतीच. चष्मा घेऊन तिने थेट गाव गाठलं.

विमलबाईने चष्मा चढवला. गेममधल्या समोरच्या नटवलेल्या किल्ल्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. लांब बघितलं, आणि हात सरळ वर गेला. "पिशवी दे गं, जीप यायलीय!"

जीप कुठली, अजून नुसता पिवळट डाग होता. पंचशीलाला अभिमानाने भरून आलं. तेवढ्यात डागाची जीप झाली आणि माय कडाडली, "अगं, रिकामीच कामून? आपल्या फाट्यावर रिकामी जीप बघितलीस का कधी?" ओझं कमी करायच्या नादात लेकीने माणसंही उतरवली होती! तिने मुकाट्याने टपापर्यंत माणसं भरली.

सोमवारी विरुपाक्षने चष्मा लावून मान गरागरा फिरवली. काही रखडलं नाही, मळमळलं नाही. धुक्याचं नावही त्याने काढलं नाही. मग तो एका जागी थबकला.

"अक्का, लांब गेलं की समदं सपाट व्हायलंय. फाट्यावर हात वर करून उभी राहिलेली बाई तेवढी कितीही लांबून अख्खी हाय. एवढं ओझं कामून ठेवलं?"

"ती माझी माय हाय, सर," पंचशीला म्हणाली. "तिला जागा व्हावी म्हणूनच बाकीचं हलकं केलंय."