रुक्मिणी मॅडमांचा उजवा हात

पहिल्याच तासाला रुक्मिणी मॅडमांनी हजेरी न घेता स्वतःच्या उजव्या हातावर इलेक्ट्रोड चिकटवले. टेबलावर टेकवलेला तो हात थरथरत होता. पडद्यावर स्नायूंच्या लाटा उमटल्या. "हा माझा कंपवात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "सगळ्यांनी पाहून घेतलंत. उद्यापासून फळ्याकडे बघा."

बाबांची रेल्वेत बदली झाल्यामुळे आम्ही साताऱ्याहून चेन्नईला आलो होतो आणि मी तिथल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात जैवअभियांत्रिकी शिकत होते. मॅडम तंजावरी मराठी. माझं आडनाव ऐकल्यापासून त्या माझ्याशी त्यांच्या घरची जुनी, तमिळ हेलाची मराठी बोलायच्या. "कसाला भितेस, मा? ये, बस."

शेवटच्या वर्षी, स्नायूंच्या नोंदीतून कंप मोजणारं यंत्र करणं हा माझा प्रकल्प होता. मॅडमांच्या हाताच्या नोंदींत आजूबाजूच्या तारांतल्या विजेचा खूप गोंधळ मिसळायचा. मी तो गाळणारा प्रोग्रॅम लिहिला. रेघ इतकी स्वच्छ आली की मी ती छापून धावतच त्यांच्या खोलीत गेले.

त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. "बरं दिसतंय. ह्या बाईला आजार काय? काही नाही. मग ही गोळ्या कसाला खाते?"

गोंधळाबरोबर मी त्यांचा कंपही पुसून टाकला होता.

"विजेचा गोंधळ काढ," त्या म्हणाल्या. "माणूस काढू नको."

दुसऱ्या दिवशी त्या सकाळची गोळी न घेताच प्रयोगशाळेत आल्या. चेहरा ताठरलेला, पाऊल उचलत नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, गोळी घ्या. जुन्या नोंदींवर भागवते."

"त्या अस्क्या, एकूण एक, गोळी घेतल्यावरच्या. आजार लपवून त्याचं माप कसं घेशील?"

मी घाईघाईने नोंद घेतली. त्यांनी हात काढून घेतला नाही. "पुन्हा घे. नीट." मग मी पाण्याचा पेला धरला आणि त्यांनी गोळी गिळली. त्या नोंदींवर माझं यंत्र चाललं.

पुढच्या वर्षी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आजाराने आवाज बारीक झाला होता. "मागच्या बाकाला ऐकू जात नाही, तर पगार कसाला?" एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं.

नोकरीसाठी पुण्याला निघण्यापूर्वी मी त्यांच्या मैलापूरच्या घरी गेले. त्या स्वतः कॉफी ओतू लागल्या. मी हात पुढे केला.

"राहू दे. सांडेल ते पुसता येतं."

निम्मी कॉफी टेबलावर गेली. त्यांनी फडकं घेतलं, सावकाश सगळं टेबल पुसलं आणि उरलेली माझ्यापुढे सरकवली.

"पी. निवेल."

ती आमची शेवटची भेट.