खोडाळ्याच्या बाजारातला इंग्रजीचा वर्ग

शिक्षकाने शिकवलेलं विद्यार्थी विसरतात. विद्यार्थ्यांनी ऐकवलेलं मात्र शिक्षकाला पाठ राहतं. माझ्याकडे असं बरंच साठलंय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याहून एम.ए. होऊन मी खोडाळ्याला परतले, ती फ्रेझल व्हर्बचे चाळीस तक्ते घेऊनच. इंग्रजी आलं की तालुका ताठ उभा राहणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. बाजाराच्या दिवशी दुपारी शाळेच्या ओट्यावर मी मोठ्यांचा वर्ग सुरू केला.

*

पहिल्या दिवशी 'पुट ऑन' आणि 'टेक ऑफ'. भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून दाखवला, काढून दाखवला. जव्हारहून शिलाई मशीन घेऊन बाजाराला येणारे यासीनभाई टेलर घामाघूम झालेल्या माझ्याकडे लक्ष देऊन बघत होते.

"मॅडम, कपडा शिवून तयार, पण गिऱ्हाईक साल झालं तरी न्यायला येत नाही. याला इंग्लिशमध्ये काय?"

याला शब्द नाही, असं मी कबूल केलं.

"मग तिकडची गिऱ्हाईकं चांगली असणार," ते म्हणाले.

*

भोयेगुरुजी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर शिकवायचे. 'टर्न ऑन द टॅप, टर्न ऑफ द टॅप' ऐकून ते म्हणाले, "बाई, पाड्यावर नळ नाही. उन्हाळ्यात विहिरीलाही पाणी नसतं. पोरांना दाखवू काय?"

"चित्र काढा," मी उत्साहाने सुचवलं.

गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर छान पितळी नळ रंगवला, थेंबासकट. पुढच्या तपासणीत साहेबांनी 'पाण्याची सोय' या रकान्यात 'आहे' असं लिहून टाकलं.

"साहेब, ते चित्र आहे."

"गुरुजी, चित्राला वेगळा रकाना नाही."

*

त्याच पाड्यावरच्या अंगणवाडीच्या सुमनबाई वर्गाला कधी चुकायच्या नाहीत. बाकीचे हौसेने यायचे, सुमनबाईंना मात्र काम होतं. पोरांचं वजन करायचा त्यांचा काटा मोडला होता. वजन कळलं नाही, तर कुठलं पोर खंगतंय तेही कळत नाही. जव्हारकडच्या वावर गावात कुपोषणाने पोरं दगावली तेव्हापासून हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

वर्षापूर्वी दिल्लीच्या एक मॅडम पाहणीला आल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून सोबतचे साहेब सगळं इंग्रजीत करून सांगत होते.

"मी म्हटलं, काटा मोडलाय," सुमनबाई सांगायच्या. "साहेब कायतरी बोलले, तशी मॅडम हसली, मना हात जोडले न् गेली. मोडक्या काट्याला कोण हसतं का, ताई?"

मॅडम पुन्हा येणार होत्या. या वेळी सुमनबाईंना मध्ये कुणी नको होतं.

मी त्यांना सभ्य इंग्रजी शिकवायला घेतलं. 'एक्स्क्यूज मी मॅडम, वुड यू माइंड इफ आय...'

"ताई, एवढं बोलेस्तो जीप घाटात जाते."

*

मग 'फॉलो अप' आलं. "एकदा सांगून काम झालं नाही, तर मागे लागून पुन्हा विचारायचं," मी समजावलं.

"ते आम्ही करतो. साहेब करतात त्याला काय?"

"पुट ऑफ. म्हणजे पुढे ढकलणं."

सुमनबाईंनी मान हलवली. "हा शब्द ओळखीचा निघाला."

*

मॅडम आल्या त्या दिवशी मीही पाड्यावर गेले. साहेब आधीच सांगत होते, "एव्हरीथिंग इज वर्किंग, मॅडम." काटा दाखवेल तेच लिहायचं, असा हुकूम त्यांचाच, त्यामुळे रजिस्टर बिनखाडाखोड होतं. मॅडमनी पानं चाळली आणि त्यांचा चेहरा खुलला. "ऑल ट्वेल्व्ह किलोज? एक्सलंट!"

साहेब जीपकडे वळले. सुमनबाई पुढे झाल्या. माझ्या चाळीस तक्त्यांतलं एकही वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. त्यांनी मॅडमच्या खांद्यावरची पर्स अलगद काढली आणि काट्याच्या झोळीत ठेवली.

"ट्वेल्व्ह."

पर्स काढून साहेबांच्या हातातली फाइल ठेवली.

"ट्वेल्व्ह."

मग फाइलही काढली आणि रिकाम्या झोळीकडे बोट दाखवलं.

"ट्वेल्व्ह," सुमनबाई म्हणाल्या. "व्हेरी हेल्दी."