जांभळ्या कापडाची चंची

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. ती गेली, आणि सांगायचं राहूनच गेलं. इतकी वर्षं विषय निघेल असं वाटलं की मी उठून पाणी प्यायला जायचो. आजही लिहायला बसून दोनदा उठलो. पण आता सुईत दोरा ओवता येत नाही — आणखी किती टाळायचं?

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान होतं. पंच्याहत्तर-शहात्तरचा सुमार असेल. उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतली पोरं दुपारी माझ्याकडे यायची. मशीनखालचं चिंध्यांचं पोतं मी ओट्यावर उपडं करायचो. कुणी बाहुली करायचं, कुणी चेंडू, कुणी पाटीपुसणं. धावदोरा घालायला मीच शिकवायचो. लोक म्हणायचे, शिंपीदादांना पोरांचा भारी लळा. ते खोटं नव्हतं. म्हणूनच तर — असो. आधी कापडाचं सांगतो.

शिंप्याला एक खोड असते. सगळ्यांना नसेल, मला होती. कापड बेतताना ओढूनताणून बसवायचं, थोडं वाचवायचं, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, ‘कापड कमी पडलं हो.’ कोण मोजायला बसतंय? वाचलेला तुकडा पोत्यात जात नसे. तो माझ्या पत्र्याच्या पेटीत जायचा. याला मी चोरी म्हणत नव्हतो. मग काय म्हणत होतो? काहीच नाही. नाव दिलं नाही की बरं असतं.

एका मास्तरीणबाईंनी लेकीच्या परकरासाठी जांभळं कापड आणलं, बारीक सोनेरी बुट्ट्यांचं. त्यांच्या भावानं इंदूरहून धाडलेलं. नाशकात तसलं मिळत नव्हतं. त्यातला तुकडा पेटीत गेला. पोरीचा परकर घोट्याच्या वर राहिला.

माझ्याकडे येणाऱ्या पोरांत मंदा होती. बाजारात मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या शेवंताबाईची लेक, नऊ-दहा वर्षांची. टाके इतके बारीक घालायची की मीच बघत राहायचो. आईसाठी चंची करायची म्हणाली — पान-तंबाखूची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून कमरेला खोचायची. मी पेटी उघडली आणि तो जांभळा तुकडा माझ्या हातानं तिला दिला. कुणाचा ते विसरलो होतो का? नाही. मोठ्या मनाचा दिसायचं होतं मला — दुसऱ्याच्या कापडावर.

शेवंताबाईच्या कमरेला ती चंची आली. आणि मास्तरीणबाई मेथी घ्यायला गेल्या.

दोघी तडक दुकानात आल्या. ओट्यावर सगळी पोरं. मंदा बाहुलीला डोळे शिवत होती.

“कापड कमी पडलं होतं ना, शिंपीदादा? मग हे भाजीवालीच्या कमरेला कसं?”

शेवंताबाईनं मला बोलू दिलं नाही. “माझी पोर म्हनती, तुमी दिलं. दादा, तुमी सांगाल ते मी मानीन.”

मंदानं मान वर केली. ती घाबरलेली नव्हती — हेच मला छळतं. काका आता सांगतील, मग परत बाहुलीचा डोळा, इतकी निश्चिंत होती.

मी म्हणालो, “कमी का पडलं ते आत्ता उमगलं, बाई. पोरं बसतात इथं. माझं लक्ष नसतं.”

मंदाचं नाव मी घेतलं नाही. पुढं कित्येक वर्षं मी त्यावरच तग धरला — नाव तर घेतलं नव्हतं! शेवंताबाईनं तिथंच पोरीच्या मुस्काटात मारली. तंबाखू रस्त्यावर झटकली, चंची बाईंपुढे ठेवली. “घ्या तुमचं.” बाई म्हणाल्या, आता ह्या तुकड्यांचं मी काय करू? चंची माझ्याच ओट्यावर राहिली. मंदा रडली नाही. तिनं सुई माझ्या सुयांच्या गादीला जागच्या जागी टोचली आणि गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी! दुसऱ्या दिवसापासून पोरं घरी निघाली की मी प्रत्येकाच्या खिशांची झडती घेऊन सोडू लागलो. पोरींना परकर झटकायला लावायचो. का? खोटं खरं दिसावं म्हणून. हळूहळू पोरं यायची थांबली. बाजारात मात्र मंदाला ‘चोरटी’ हे नाव पडलं, ते तिच्यामागे राहिलं.

नंतर, पंच्याऐंशीच्या पुढे कधीतरी, मी बाजारात गेलो. ठरवून गेलो. नदीकाठानं फेऱ्या घालून वाक्य पाठ केलं होतं. पथारीवर मंदा होती, मांडीवर तिचं मूल. मागे शेवंताबाई कोथिंबीर निवडत होती, सहज ऐकू जाईल इतकी जवळ. मी वाकलो. तोंड उघडलं.

“जुडी ताजी आहे ना?”

“सकाळचीच हाय, काका. मी कशाला फसवीन तुमाला? पिशवी धरा.”

ती टोचून बोलली की सहज, मला आजही ठरवता येत नाही. मी पिशवी धरली आणि निघालो.

पुढच्या पावसाळ्यात शेवंताबाई वारली. माझा शब्द मानला होता तिनं. तो मानूनच गेली. मंदा नवऱ्याबरोबर लासलगावकडे गेली, असं ऐकलं. मी गेलो नाही.

पाठ केलं होतं ते एवढंच होतं — शेवंताबाई, ते कापड मी दिलं होतं. चोर मी. तुमची पोर खरं बोलत होती.