दोन बोटं, मग एक

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा देवाशी माझं बोलणं जवळजवळ बंदच होतं. आम्ही ठाण्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारभर, तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून माझ्या पणजोबांना लोक शनवार तेली म्हणत, आणि त्यांचा हा पणतू वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात शनिवारचीही पाळी करत होता. लहानपणी बाबा हिब्रू अक्षरं शिकवायला बसले की मी मागच्या दाराने पसार व्हायचो. थोरला भाऊ मन लावून शिकला आणि इस्रायलला निघून गेला. बाबांपाशी उरलो मी, अगदी कोरा.

झटक्यात बाबांची वाचा गेली आणि उजवा हातही. एरवी ते छताकडे बघत पडून असत, पण शुक्रवारी दुपारनंतर त्यांचा जीव कासावीस व्हायचा. डाव्या हाताची दोन बोटं वर करायचे, मग एक. डॉक्टरांनी सकाळी दोन आणि रात्री एक गोळी सांगितली होती, म्हणून मी गोळ्या पुढे करायचो. ते थुंकून टाकायचे आणि रडायचे. मी चिडायचो. एकदा तर ओरडलोसुद्धा, त्याची आजही लाज वाटते.

उलगडा केला हिराबायने. बाळकुमची ही कोळीण दर शुक्रवारी शब्बाथच्या जेवणासाठी मासळी घेऊन यायची. कोलंबी, चिंबोरी तिने आमच्या दारात कधी उतरवली नाही, फक्त खवल्याची मासळी. आमच्या खाण्यापिण्याच्या आज्ञा तिला माझ्यापेक्षा पक्क्या ठाऊक होत्या. त्या दिवशी उंबऱ्यावर टेकून तिने बाबांची बोटं पाहिली.

"आरं, गोळ्या नाय मांगत नाना. पोथी मांगतंय. दोनदा त्याचे भाषेत वाचाचा, मंग एकदा मराठीत. मराठीचे टायमाला मी हितंच बसलेली असाची."

तोराह हा आमचा धर्मग्रंथ; तिचा त्या आठवड्याचा भाग दोनदा हिब्रूत आणि एकदा आपल्या भाषेत वाचायचा, ही आमच्यातली जुनी शिस्त. बाबांनी ती आयुष्यभर पाळली होती. मी तो आवाज ऐकतच मोठा झालो, पण मोजलं कधीच नाही. मोजलं ते दारात बसलेल्या हिराबायने.

आमच्या प्रार्थनामंदिरात प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांकडे मी जाऊ लागलो. बत्तिसाव्या वर्षी मुळाक्षरं! शनिवारची पाळी सोडली तेव्हा सुपरवायझरने विचारलं, "काय रे, अचानक धार्मिक झालास?" आमच्या नव्या वर्षाच्या सणांनंतर तोराह पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाली आणि मी बाबांच्या खाटेशी बसलो. माझं वाचन म्हणजे खड्ड्यांतून चाललेली रिक्षा. चुकलो की बाबा खाटेच्या लोखंडी दांडीवर बोट आपटायचे. एके दिवशी पूर्ण ओळभर आवाज आला नाही. झोपले असं वाटून वर पाहिलं, तर ते अर्ध्या तोंडाने हसत होते.

असे पाच आठवडे मिळाले. पाचव्या भागात आमच्या मूळपुरुषाची बायको सारा हिचा मृत्यू येतो. गुरुवारपर्यंत तो दोनदा वाचून झाला. मराठीतलं वाचन शुक्रवारवर ठेवलं, आणि शुक्रवारी पहाटे बाबा गेले. शब्बाथ लागण्याआधी आम्ही त्यांना माती दिली. परतताना हज्जान म्हणाले, "आता सात दिवस तू तोराह वाचायची नाहीस. तिच्याने मन आनंदतं, सुतकात ते चालत नाही." मी मान हलवली. आत मात्र एकच गोष्ट सलत होती. दोन झाले होते, एक राहिलं होतं. जन्मभर टाळलेलं काम अखेर माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

बायकोने दिवा लावला. मी जमिनीवर बसून होतो. तेवढ्यात हिराबाय आली, टोपलीशिवाय, आणि आपल्या जागी उंबऱ्यावर बसली.

"आज मराठीचा व्हता ना रं?"

मला मनाई आहे, असं मी तिला सांगितलं. तिने पदर डोक्यावर घेतला. मग रिकाम्या खाटेकडे बघून बोलू लागली.

"त्या म्हाताऱ्याची बायको मेली. मुलूख दुसऱ्यांचा. त्यांना बोलला, मी तुमच्यान पावना हाय, हिला पुराला जागा द्या. ती मान्सा बोलली, आमचे जागंतली बरी बघून घे, कोन नाय बोलनार नाय."

विहिरीवर उंटांना पाणी पाजणाऱ्या पोरीसकट त्या भागातलं तिने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "झाला रं नाना, तिसऱ्यांदा." तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

तिने ते शब्द इतकी वर्षं कशासाठी जपले असतील, मला माहीत नाही. एवढंच कळतं की जे माझ्या हातून पुरं होणार नव्हतं, ते परमेश्वराने तिच्या तोंडून पुरं करून घेतलं. त्याचे आभार मानताना तिचंही नाव माझ्या ओठांवर येतं. सुतकात ते ऐकायला तरी मला परवानगी होती का, हे मी हज्जानांना कधी विचारलं नाही.

आता हिराबायही नाही. मी शुक्रवारी दोनदा हिब्रूत वाचतो. मराठीत वाचायची वेळ झाली की उठून दार उघडतो, आणि उंबऱ्यावर कोणी नसलं तरी मोठ्याने वाचतो.