नव्या स्क्रीनवरचा अठ्ठावन्न

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते. लग्नानंतर पहिल्यांदा बँकेत गेले, तर खिडकीतल्या माणसाने पितळेचा गोल बिल्ला हातात दिला. मला वाटलं, नवी नवरी म्हणून बँकेने वाण दिलं! घरी आणून, हळदकुंकू वाहून देवघरात ठेवला. दुसऱ्या दिवशी शिपाई दारात — "वहिनी, सतरा नंबरचं टोकन द्या." मॅट्रिक पास बाई बरं का, आणि तोरा केवढा! भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला कधी सवडच नव्हती... स्वतःचे प्रताप काय कमी होते?

पण गेल्या वर्षीचं हे ऐकाच.

माझी धाकटी बहीण शकू सायखेड्याहून सकाळच्या एसटीने आली, ती घामाने निथळतच. तिला धरून पंचवटीतल्या एका दवाखान्यात नेलं. तिचं एकच पालुपद — "ताई, काय नाय गं, पित्त हाय. लिंबू-सोडा पाज."

टोकन मिळालं अठ्ठावन्न. भिंतीवरच्या स्क्रीनवर चालू होता तेवीस! शेजारी एक नवा, मोठा स्क्रीन टांगलेला, त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं.

मी काउंटरवर हात जोडले. तिथली मुलगी विरघळत होती, तेवढ्यात फाईल घेऊन बसलेले एक काका उसळले, "आम्ही काय इथे भजनाला बसलोय? नंबर लागल्यावर जा!" अख्खा हॉल त्यांच्या बाजूने. इकडे शकूचे ओठ पांढरे पडत चाललेले...

आणि तो नवा स्क्रीन लागला! प्लॅस्टिकच्या आतून हिरवागार आकडा — ५८. आवाज नाही, काही नाही. विझला, परत लागला. मी एकटीने नाही हो, सगळ्या हॉलने पाहिला! तेच काका माझ्यावर ओरडले, "अहो आजी, बघताय काय? नंबर लागला ना, उठवा त्यांना!" आणि शकूचा दुसरा दंड त्यांनीच धरला. माझ्या विनवणीला हिंग लावून न विचारणारी माणसं, आकडा दिसताच वाट सोडून उभी!

आत डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघितली आणि खुर्चीतून उठलेच. हार्ट अटॅक. लगेच अँब्युलन्स, मोठं हॉस्पिटल, अँजिओप्लास्टी... शकू वाचली!

चौथ्या दिवशी मी पेढे घेऊन त्या दवाखान्यात गेले. स्क्रीन बसवणारी मुलगी शिडीवर होती. म्हटलं, "बाळ, आमचा नंबर कोणी लावला गं?"

ती खालीच उतरली. "आजी, मी वायर आज ओढतेय. याला अजून लाइटच दिलेली नाही." स्क्रीनची केबल खोक्यात, तिच्या पिशवीचं सीलसुद्धा तसंच. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटर उघडून पाहिला, तर त्यात त्या दिवशी तेविसानंतर सरळ चोवीस. म्हणावं शेजारच्या स्क्रीनचं प्रतिबिंब, तर त्यावर अठ्ठावन्न कुठे होता?

मी खूप डोकं चालवलं. नाही उलगडत... अजूनही नाही.

तशीच धापा टाकत हॉस्पिटलात गेले आणि शकूला सगळं सांगितलं. तिने अर्धा पेढा तोंडात टाकला, बोट वर आभाळाकडे केलं आणि म्हणाली, "ताई, पुढच्या टायमाला त्यानं माझा नंबर लावला ना, तर सांग त्याला — शकू चहा प्यायला गेलीय, लय वेळ लागंल."