दुर्गाघाटावर स्वीडनचे गोळे

नव्वदच्या दशकातली गोष्ट. काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या घरी वरच्या खोलीत एक स्वीडिश मुलगी भाड्यानं राहायची, संस्कृत शिकायला आलेली. त्या हिवाळ्यात तिला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना काही परतेना. पेज असो की मुगाची खिचडी, नुसती मान हलवायची. असंच चाललं तर मायदेशी पाठवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तिला तर शिक्षण सोडून जायचं नव्हतं. परक्याची पोर आपल्या घरात वाळत चाललेली बघून माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता.

शेवटी मी वैतागून विचारलं, बाई गं, तुला खायचं तरी काय आहे? तिनं हिंदीत सांगितलं, बटाट्याचे उकडलेले गोळे. वडील स्वीडनच्या उत्तरेकडचे, त्यांच्याकडे कच्चा बटाटा किसून करतात. आई दक्षिणेकडची, तिच्याकडे उकडलेला कुस्करून. खरे कुठले, यावरून घरात कायम वाद. आत सारण डुकराच्या मांसाचं! मी आधी उठून दार लोटलं, कारण सासूबाई खाली स्वयंपाकघरात होत्या. आपण मटार भरू, म्हटलं.

पहिल्यांदा वडिलांच्या पद्धतीनं केले. हाताला सवय उपासाच्या किसाची, त्यामुळे कीस काळा पडू नये म्हणून मी तो चांगला धुऊन पिळून घेतला. मैदा घालून गोळे उकळत्या पाण्यात सोडले, तर सगळे फुटून लगदा. बटाट्याचा चिकटपणा मोरीतून वाहून गेला होता. मला रडूच कोसळलं.

सासूबाईंना मी सारण सोडून बाकी सगळं सांगितलं होतं; त्या म्हणाल्या, आता तिच्या आईसारखे कर. मग बटाटे उकडून, मैदा घालून मळले आणि मटार भरले. बोटं आपसूक मोदकाच्या कळ्या पाडू लागली, त्या मोडून गोल केले. पाण्यात सोडले आणि श्वास रोखून उभी राहिले. एकेक गोळा अख्खा वर आला.

वर लोणी आणि बाजूला करवंदाचा मुरब्बा, कारण तिकडेही असंच काही आंबटगोड लागतं म्हणे. तिनं एक संपवला, दुसरा घेतला. आम्ही दोघी दारात उभ्या. मग ती म्हणाली, मीठ कमी आहे, आणि वडिलांचे जास्त चांगले होतात.

सासूबाईंनी माझा हात दाबला.

"नावं ठेवतेय बघ. आता हिची तबियत सुधरली."

मी मीठ आणायला खाली स्वयंपाकघरात गेले आणि डबा हातात धरून तिथंच ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.